वातीचा कापूस

परवा दिवाळीची साफसफाई काढली होती. भाचा माळ्यावर चढला आणि बुटांचा एक जुना खोका हातात घेऊन वरूनच ओरडला, "मामा, हे स्क्वॉन्कर आहे ना? चालतंय का अजून?"

आई खाली बसून वाती वळत होती. मी म्हटलं, "आधी खाली उतर."

तर मंडळी, या ब्लॉगवर मी कशाकशावर लिहिलं, पण हे प्रकरण कधी लिहिलं नव्हतं. इथे नातेवाईक वाचतात ना :)

२०१८ साली मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढायचो. एक मुलुंड स्टेशनबाहेर, एक घाटकोपरला मेट्रोत शिरण्याआधी, एक अंधेरीला उतरल्यावर... बाकीच्या ऑफिसखाली. सिगारेट सोडायला म्हणून एका मित्राने हे यंत्र दिलं. बॉटम फीडर. नावाप्रमाणे याला रस खालून मिळतो. डबीत एक बॅटरी आणि तिच्या शेजारी सात-आठ मिलीची मऊ बाटली. वर ॲटोमायझर, म्हणजे दोन खांबांत अडकवलेली तारेची कॉइल आणि तिच्यातून ओवलेला कापूस. बाटली दाबली की रस पोकळ पिनेतून वर चढून कापूस भिजवतो, सोडली की जास्तीचा परत खाली. मग बटण दाबायचं, कॉइल तापते, वाफ होते. समईत आपण तेल वरून घालतो, इथे खालून. एवढाच फरक!

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. बाटली जास्त दाबली की हवेच्या भोकांतून रस शर्टावर. कमी दाबली की कापूस जळायचा, आणि ती चव... विचारू नका. कापूस घट्ट भरला तर रस चढत नाही, सैल भरला तर गळतो. मला त्याचाच नाद लागला. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर कांथलची तार गुंडाळायची, रेझिस्टन्स मोजायचा. शाळेतला ओहमचा नियम आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट, कॉइल ०.५ ओहम, म्हणजे ८.४ अँपिअर. हे गणित चुकलं आणि आत सुरक्षेचं सर्किट नसलं, तर बॅटरी फुटू शकते. कापूस मात्र आईच्या वातींच्या पुड्यातला.

पुडा लवकर संपतोय हे तिच्या लक्षात आलंच. एकदा तिने माझ्या हातातलं ते लाल झालेलं वेटोळं पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या वाती जाळून काय उजेड पाडलास रे?"

मी ऐटीत सांगितलं, "सिगारेट सुटली माझी." ते खरंही होतं. सहा महिने एकही ओढली नव्हती.

पण एका रात्री हिशोब मांडला. रसात निकोटिन मिलीला ३ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी हलका असं मी सगळ्यांना सांगायचो. आठ मिलीच्या बाटलीत २४ झालं. मी दिवसाला दोन बाटल्या संपवत होतो. सिगारेट निदान संपते, विझते, दुसरी पेटवताना माणूस क्षणभर थांबतो. बाटलीला तो थांबा नव्हता. मी ओढणं सोडलं नव्हतं, मोजणं सोडलं होतं.

मग १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला. अनंत चतुर्दशी होऊन सहा दिवस झाले होते. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. विक्री केली तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा रस संपला आणि मी काय केलं? स्टेशनबाहेरची टपरी चालूच होती. तिसऱ्या दिवशी सिगारेट परत हातात.

खरी सुटली ती पुढे, दोन वेळा हरल्यावर. त्यात कौतुकासारखं काही नाही. चिडचिड, बद्धकोष्ठता आणि खिसाभर बडीशेप.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बॅटरीकडे बघत होता. मग एकदम माझ्या लक्षात आलं. मला हे नाव शिकायला महिना लागला होता, याला आधीच कसं माहीत?

"तुझ्याकडे आहे का?"

बराच वेळ गप्प. मग त्याने खिशातून पेनाएवढी एक रंगीत कांडी काढली. बंदी असली तरी कॉलेजच्या आसपास चोरून मिळतात. त्यात ना कॉइल बदलायची, ना कापूस, ना बाटली. मोजायला तर काहीच नाही.

मी ओरडलो नाही. कोणत्या तोंडाने ओरडणार? एवढंच म्हटलं, "दिवसाला किती, ते आठवडाभर लिहून काढ." आणि १८००-११-२३५६, तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फुकट नंबर, त्याच्या फोनमध्ये घालून दिला. खोक्यातल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात दिली.

ताई, हे तू वाचशीलच. त्याला विचारूनच लिहितोय. "आधी मी आईला सांगतो, मग टाक," म्हणाला होता. त्याने रविवारी सांगितलं, म्हणून आज टाकतोय. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर आधी माझा नंबर.

आणि आई, त्या पुड्यांचे पैसे देणं लागतो मी. असो.