नातेवाइकांच्या दोन खुर्च्या

वहिनी बाळंतपणात गेली. खासगी दवाखान्यानं सांगितलं, "रक्तस्राव झाला, आम्ही सगळे प्रयत्न केले." दादा तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हैदराबादच्या गौळीगुड्यातल्या घरी जमलेली वडीलधारी मंडळी म्हणाली, "देवाची मर्जी. आता पोरीकडे बघा." पोरीकडे आम्ही बघतच होतो. पण रक्त जायला किती वाजता लागलं, रक्ताची बाटली कधी लावली, मोठ्या दवाखान्यात हलवायचं कोणी आणि कधी ठरवलं, हे मला हवं होतं.

तक्रार दिल्यामुळे पोस्टमॉर्टेम अफझलगंजला, उस्मानिया रुग्णालयात झालं. शवागाराबाहेर पंचनाम्याच्या कागदांसाठी ताटकळताना एक खाला भेटल्या. त्यांची सून अशीच गेली होती. म्हणाल्या, "पैसे नक्को मांगो बेटा, पैले कागजां मांगो." त्या वेळी मला वकिलानंही इतका नेमका सल्ला दिला नव्हता.

2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाचे कागद द्यावे लागतात. आम्हाला ते हुज्जत घातल्यावर मिळाले. त्यात एका ओळीला रक्तस्राव 'नेहमीइतका' होता, पुढच्या नोंदीत रक्तदाब कोसळलेला. मधला वेळ कोरा. त्या कोऱ्या जागेनं मला जितकं छळलं, तितकं मृत्यूच्या दाखल्यानंही नाही.

पुढे समजलं की किती रक्त गेलं हे बहुतेक ठिकाणी नजरेनंच ठरवतात, आणि नजर कमीच धरते. त्यासाठी खुणा केलेली, रक्त साठवणारी प्लॅस्टिकची चादर मिळते. ती वापरून धोका लवकर ओळखला आणि गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन हे सगळे उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटतात, असं आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. एवढीशी चादर!

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर 42 दिवसांत बाई दगावली, तर त्या मृत्यूची तपासणी व्हायला हवी. केंद्र सरकारच्या 2010 च्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या आढाव्याला घरच्या दोघांना बोलावता येतं. मी अर्ज केला, दादाला घेऊन गेले. तो तिथे पहिल्यांदा बोलला. कोणाला शिक्षा झाली नाही. हा आढावा शिक्षेसाठी नसतोच, गोपनीय असतो. खालांना ते मान्य नाही. मला वाटतं, डॉक्टरांनी खरं बोलावं म्हणून गोपनीयता ठीक आहे, पण त्यातून काय बदललं ते घरच्यांना कळायलाच हवं.

आता आम्ही काही कुटुंबं सुट्टीच्या दिवशी उस्मानियाजवळच, आसफिया लायब्ररीच्या आवारात भेटतो. मराठी, तेलुगू, दखनी, सगळं एकत्र चालतं. नव्यानं आलेल्याचा अर्ज कोणीतरी लिहून देतं. घरचे गप्प बसले नाहीत, अशी उदाहरणं आमच्यासमोर आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये इब्राहिमपट्टणमच्या शिबिरात 34 बायकांची नसबंदी झाली आणि चौघी दगावल्या, तेव्हा नातेवाईक रस्त्यावर बसले आणि राज्यानं दखल घेतली. दिल्लीत एका मृत बाईच्या नातेवाइकानं लढलेल्या खटल्यात उच्च न्यायालयानं 2010 मध्ये सुरक्षित बाळंतपण हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेलंगणात 2018–20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 43 मातामृत्यू होते, देशात 97. आकडा चांगला आहे, मान्य. पण त्याच राज्यात दहापैकी सहा बाळंतपणं सिझेरियननं होतात, त्याचाही जाब विचारायला हवा.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर मागणी लेखी करा, पोच घ्या, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आढावा कधी आहे ते विचारा. तिथल्या दोन खुर्च्या तुमच्या आहेत. त्या रिकाम्या ठेवू नका.