धान्याचा हट्ट

उत्तर चीनचं जेवण म्हणजे नूडल्स, आणि नूडल्स म्हणजे गव्हाच्या लांबच लांब शेवया, असं आपण धरून चालतो. शान्शी प्रांतात दातोंगच्या बाजूनं निघून युनचंगकडे, उत्तरेकडून दक्षिणेला गावोगाव उतरत गेलं, तर ही समजूत पहिल्याच मुक्कामाला गळून पडते. वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळी माती, कितीतरी ठिकाणी शंभर मीटरहून जाड. पाऊस बेताचा, हिवाळा कडक. तिथं भात कुठला पिकणार, आणि गहू तरी किती? राळे, ज्वारी, कुट्टू आणि थंड डोंगराळ भागात ओट, ही तिथली जुनी पिकं. त्यांच्या पिठाला तिथल्या बाया जे शेकडो आकार देतात, त्याला लोक हौस म्हणतात, कलाकुसर म्हणतात. मला ते पटत नाही. त्यातले बहुतेक आकार ही धान्याच्या हट्टाशी केलेली तडजोड आहे, आणि ती हाताच्या बुद्धीनं केलेली आहे.

ओटचंच पाहा. गव्हाच्या कणकेला ताण देणारा चिकटपणा त्यात नाही. ओढायला जावं तर तुटतं. म्हणून ते तीन वेळा शिजवायचं अशी तिथली रीत आहे: दाणे आधी भाजायचे, मग दळायचे, पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, आणि शेवटी वाफवायचं. भिजवलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी गुळगुळीत दगडावर ठेवून तळहाताच्या टाचेनं एकदाच पुढे रेटली की जिभेसारखी पातळ पट्टी पसरते. ती अलगद सोडवून तर्जनीभोवती गुंडाळायची आणि ती नळी चाळणीत उभी करायची. एकीला एक टेकून नळ्या उभ्या राहिल्या की मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. पण ती नक्षी म्हणून केलेली नाही. आडवं रचलं तर ते एकमेकांना चिकटून लगदा होईल. उभं असलं की प्रत्येक नळीतून वाफ खेळते. ज्वारीची भाकरी उकड काढून ज्यांनी थापली आहे, त्यांना पिठाला आधी उकळतं पाणी का लागतं हे समजावून सांगायची गरज नाही. तिथली ज्वारी शेवयांसाठी वळायची तर तिच्यात एल्म झाडाच्या आतल्या सालीची पूड मिसळतात; चिकटपणा धान्यात नसला तर तो झाडाकडून आणायचा. कुट्टूचं पीठ लाटून कापण्यापेक्षा आपल्या सोऱ्यासारख्या लाकडी साच्यातून थेट उकळत्या पाण्यात दाबणं सोपं, कारण पडता पडताच ते शिजून धरतं. आणि हीच ज्वारी, जी ताणायला ठाम नकार देते, ती आंबायला मात्र चटकन तयार होते. तिचा काळसर व्हिनेगर उन्हाळ्यात उन्हात मुरवतात, हिवाळ्यात त्यावर धरलेला बर्फ काढून टाकून दाट करतात, आणि तो नसेल तर शान्शीतलं पान पुरं होत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: ही सगळी उपासमारीची सजावट झाली. झाडाची साल पिठात मिसळण्याला बुद्धी कसली म्हणता? १८७६ ते १८७९ या वर्षांत उत्तर चीनमध्ये दुष्काळानं सुमारे ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसं दगावली, आणि सर्वांत भयंकर हाल शान्शीचे झाले. पॅसिफिकच्या पाण्यात जी उष्णता वाढली होती, तिनंच त्या काळात आपल्या दख्खनचाही पाऊस पळवला होता. त्या दुष्काळात साली ओरबाडून खाल्ल्या गेल्या, हे खरं. भुकेला गोड रंग देणं हे पापच आहे. पण भुकेनं खाल्लेली साल आणि पिठाला बांधण्यासाठी मोजून घातलेली साल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक आकार शोधत नाही. ती मिळेल ते तोंडात टाकते. पीठ थोडं आहे पण आहे, हाती वेळ आहे आणि घरातल्यांना आज काहीतरी वेगळं लागावं अशी इच्छा आहे, तेव्हाच आकार जन्मतो. त्या इच्छेपायी बायांच्या पिढ्यांचे खांदे झिजले, हेही त्याच श्वासात म्हणायला हवं.

दुसरा आक्षेप दक्षिणेत, गव्हाच्या मुलुखात, भेटतो. युनचंगजवळच्या वनशीत लग्नाला, बारशाला, सणाला पिठाचे वाघ, मासे, फुलं वाफवतात; लाल चिनी बोरं खोचतात, काळ्या दाण्यांचे डोळे बसवतात. इथं तर गहू कशालाच नकार देत नाही, मग ही निव्वळ हौस नाही का? हौस आहेच, आणि मला ती फार प्रिय आहे. पांढरं पीठ जिथं सणासुदीसाठी राखून ठेवायचं, तिथं ते देवापुढे आणि पाहुण्यांपुढे मिरवणारच. पण वाघ घडवणारीकडे नीट पाहिलं तर ती जो वाघ हवा आहे तो घडवत नाही. ती त्याहून सडपातळ घडवते, नखांच्या खाचा जरा जास्तच खोल कापते, डोळ्याचा दाणा जरा जास्तच आत दाबते. कारण झाकण ठेवल्यावर आंबलेलं पीठ फुगणार आहे, आणि वाघाचं अंग किती भरेल हे शेवटी तेच ठरवणार आहे.