पहिल्या दोन बादल्या

बडोद्याच्या आमच्या घरात सकाळी नळ आला की पहिल्या दोन बादल्या मोरीत ओतून द्यायच्या, असा नियम होता. का, हे कुणी विचारलं नाही. उंबऱ्यावर शिंकू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, त्याच रांगेतला हा एक नियम. आई म्हणायची, "रात्रीचं पाणी आहे ते." आम्ही भावंडं डोळे चोळत बादल्या रिकाम्या करायचो.

घर दांडिया बाजारातलं, आजोबांनी घेतलेलं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९२ साली, आजव्याच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं, त्यामुळे आजोबांच्या वेळी नळ होता; मैलापाण्याची लाइन मात्र आमच्या गल्लीत नव्हती. मागच्या अंगणात खाळकुवा होता. महाराष्ट्रात ज्याला शोषखड्डा म्हणतात, त्याला आम्ही बडोद्याची मराठी माणसं शेजारच्या गुजरातीतून उचललेला हा शब्द वापरतो. चुना न भरता रचलेल्या विटांची एक खोल विहीर, तळ उघडा, पाणी मातीत जिरत राहायचं. १९७८ साली गल्लीत ड्रेनेज आलं. बाबांनी नवी मोरी बांधली, नळाची नवी जोडणी स्वयंपाकघरात घेतली आणि त्यानंतर जन्मभर एकच वाक्य सांगितलं, "मागचं सगळं बंद आहे."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आई तुळशीला पाणी घालायला गेली आणि तिची काठी वीतभर जमिनीत गेली. बाबा जाऊन नऊ वर्षं झालेली, आई ब्याऐंशीची. मी बंगळूरहून निघाले.

मिस्त्री साठीचे होते. बरोबर दाहोदकडचा एक मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. कुदळ उचलण्याआधी मिस्त्रींनी विचारलं, गॅसची लाइन कुठून येते? मला माहीत नव्हतं. त्यांनी गॅसच्या कचेरीत फोन करायला लावला, तिथला माणूस येऊन अंगणात रंगाची रेघ मारून गेला, आणि मगच काम सुरू झालं. विजेच्या केबलचीही अशीच चौकशी झाली. मशीन लावायचं नाही, पहारीचे घाव घालायचे नाहीत, वरची माती निघाली की पुढची खुरप्यानं काढायची. अर्धा दिवस यात गेला. माझा जीव वर-खाली होत होता, परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं होतं.

दोन फुटांवर गंजलेला जस्ती पाइप लागला, आणखी फूटभर खाली भाजलेल्या मातीचा, तपकिरी झिलईचा जाडजूड नळ. मातीच्या नळाचा एक सांधा पेरूच्या मुळांनी उचकटला होता. जमीन का खचली ते तिथेच कळलं. दर पावसात त्या फटीतून थोडी थोडी माती नळात उतरली आणि नळातून खाळकुव्यात वाहून गेली. वर फरशी, खाली पोकळी. रिकामा नळ जमिनीत ठेवला की तो आपल्या परीनं काम करत राहतो.

वरच्या पाइपावर मिस्त्रींनी हातोडी टेकवली, कान लावला. "बेन, आ पाइप बंध छे ने?"

"बंद आहे," मी म्हणाले. इतक्या खात्रीनं म्हणाले की आता आठवून लाज वाटते. ती खात्री माझी नव्हतीच, बाबांची होती. मुलानं करवत काढली. मिस्त्रींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सवारे जोईशुं."

सकाळी बघू. एवढ्यात सगळं आलं. जिथे पाणी दिवसातून ठरावीक वेळीच येतं, तिथे भर दुपारी प्रत्येक पाइप मेलेलाच वाटतो. थंड लागत नाही, थरथरत नाही, ठोकला तर पोकळ वाजतो. त्याची नाडी बघायची तर पाणी येण्याच्या वेळीच बघावी लागते.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी आम्ही खड्ड्याच्या काठावर उभे होतो. आधी पाइपात हवेची शीळ वाजली. मग पाइप थरथरला, आणि गंजाच्या एका पापुद्र्याखालून पाण्याची बारीक धार उडाली ती थेट मातीच्या नळाच्या फुटक्या सांध्यावर.

१९७८ साली हा पाइप बंद झालाच नव्हता. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून तोडण्याऐवजी मधूनच स्वयंपाकघराकडे फाटा काढला होता, आणि जुन्या न्हाणीकडे जाणाऱ्या तुकड्याच्या टोकाला बूच मारलं होतं. म्हणजे शेहेचाळीस वर्षं तो तुकडा रोज सकाळी भरत होता. पाणी गेलं की दाब उतरायचा, आणि ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर उडायचं त्याच भोकातून भोवतालचा ओलावा आत ओढला जायचा. भोवताली माती कसली, तर खाळकुव्याकाठची. दुसऱ्या दिवशी नळ आला की ते सगळं आधी स्वयंपाकघरात यायचं.

पहिल्या दोन बादल्यांत.

मी आईकडे पाहिलं. ती ओट्यावर बसून खड्ड्याकडे बघत होती. "वास यायचा," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा येत नव्हता. मागाहून यायला लागला." बाबांना सांगितलं होतं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. ते म्हणाले, मागचं सगळं बंद आहे.

दुपारी मातीच्या नळाच्या मागावर जाता जाता शहाबादी फरशी लागली. दोघांनी ती सरकवली. खाली काळोख. मिस्त्री चहाला गेले होते. मुलगा काठावर बसला, पाय आत सोडले, विटांच्या खाचेत अंगठा रोवला. नळ आत कुठे उघडतो एवढंच त्याला पाहायचं होतं. मी मोबाइलचा उजेड धरला होता. हो, मीच धरला होता.

"ऊभा रहो!"

आईचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काठी टाकून ती उठली होती. मुलगा दचकून मागे सरला.

मग तिनं सांगितलं. ड्रेनेज आलं त्या वर्षी खाळकुवा उपसायला एक माणूस उतरला होता. चार-पाच पायऱ्या खाली गेला आणि बोलेनासा झाला. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आला. त्याला हातगाडीवरून दवाखान्यात नेलं.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी फरशी टाकायला दुसराच माणूस आला."

त्याचं नाव काय, असं मी विचारलं. आईला माहीत नव्हतं. रात्री बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. ते पै-पैचा हिशेब ठेवायचे. त्या वर्षीच्या वहीत, त्यांच्या वळणदार अक्षरात: खाळकुवा बंद. मजुरी ४०. दवाखाना २५. फरशी ६०. नाव नाही. भरणीचा खर्चही नाही, कारण भरणी झालीच नव्हती. घाबरून झाकण घातलं आणि त्याला बंद म्हटलं.

अशा खड्ड्यात साचणाऱ्या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं वाटतं ते नेमकं त्याच क्षणी. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. चहाहून आल्यावर मिस्त्रीसुद्धा कंदील सोडून बघू म्हणाले होते, जुन्या लोकांची रीत म्हणून. पण तिथे पेट घेणारा वायूही असतो, आणि ज्योत जळत राहिली तरी विषाचं काहीच सांगत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा अशा टाकीत साफसफाईसाठी उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये तीस लाखांची. आमच्या वहीत २५ रुपये आहेत.

मी तिकीट बदललं. कुणीही आत उतरला नाही. उपसा करणारा टँकर आला, वरूनच नळी सोडून जे होतं ते ओढून घेतलं. मग वरूनच वाळू आणि मुरूम टाकत, थराथरानं पाणी मारत खाळकुवा काठापर्यंत भरला. मातीच्या नळाच्या दोन्ही टोकांना सिमेंटचा गिलावा ठासला. वायुनळीचा करडा सिमेंटचा पाइप मिस्त्री हातोडीनं फोडणार होते; त्या काळच्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत बसते, म्हणून तो पाण्यानं भिजवून, अख्खाच काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळला. जस्ती पाइपाला सगळ्यांत जास्त दिवस लागले. अर्ज केला, महापालिकेचा माणूस आला, त्यानं रस्ता उकरून मुख्य वाहिनीवरची जोडणी काढली. नवी जोडणी दुसऱ्या बाजूनं घेतली, जुन्या मातीपासून लांब.

बाबांवर रागावायला मला जमलं नाही. त्यांनी आपल्या समजुतीनं घर सांभाळलं. पण वडिलांचा शब्द आणि पाइपाची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला एका मुलाचे पाय काळोखात लोंबताना पाहावे लागले.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या त्याच वहीच्या कोऱ्या पानावर अंगणाचा नकाशा काढला. भिंतीपासून किती फूट, किती खोल, कुठलं टोक कशानं बुजवलं, गॅस कुठून जातो. खाली तारीख घातली, मिस्त्रींचं आणि त्या मुलाचं नाव लिहिलं. मुलाला आपल्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ मीच विचारतेय याचं हसू आलं. पानाची एक प्रत मीटरच्या पेटीत चिकटवली.

सकाळी नळ आला. नव्या पाइपातून स्वच्छ, बिनवासाचं पाणी. आईनं बादली भरली आणि मोरीत ओतली. दुसरी भरली, तीही ओतली. मग तिसरी नळाखाली लावली आणि मला म्हणाली, "आता चहाचं आधण ठेव."