पात्रांवाची यादी

डिचोली तालुक्यातील एका खाणीच्या कचेरीत आम्ही अनेक वर्षे पगारपत्रके लिहिण्याचे काम केले. त्या काळी आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती आज उतारवयात वाचकांपुढे ठेवावी असे वाटते; कारण आपल्या गावांतील कित्येक मुले आज दुसऱ्याच्या दारी चाकरीस आहेत.

सालाझारच्या राजवटीत संप करणे हा गुन्हा होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला, भारतीय कामगार कायदे येथे लागू झाले, आणि खाणींवर, बार्जींवर व मुरगाव बंदरात संघटना उभ्या राहिल्या. आमच्या खाणीवरील कामकरीही रात्री वडाखाली जमू लागले. एके दिवशी व्यवस्थापकांनी आम्हांस बोलावून, तेथे कोण कोण जातात त्यांची यादी मागितली. आम्ही पाच नावे लिहून दिली. पोटाची भीती, दुसरे काय? त्या पाचांत आमच्या थोरल्या मुलाचे धर्मपिता, म्हणजे आमचे कुंपारही होते. आठवड्याच्या आत पाचही जणांस कामावरून कमी करण्यात आले.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर कुंपार इगर्जीच्या पायऱ्यांवर भेटले. आमची मान वर होईना. ते एवढेच म्हणाले, “कुंपारा, यादीत पाचच नावे होती, ही आमची चूक. सगळ्यांची असती, तर पात्रांवाने कोणाकोणाला काढले असते?”

पुढे त्यांनी तसेच केले. बैठक दिवसाउजेडी भरली आणि सर्व सभासदांची यादी संघटनेनेच मालकाकडे धाडली. मागणी एकच ठेवली: पाच जणांस परत घ्यावे. वेळही विचारपूर्वक निवडली. पावसाळ्यात खाणीचे काम थंडावलेलेच असते. तेव्हा संप करणे म्हणजे आपल्याच चुलीवर पाणी ओतणे होय. म्हणून हंगाम भरात येईपर्यंत ते थांबले, आणि मग ‘नियमाप्रमाणे काम’ सुरू झाले. ट्रक मर्यादेपलीकडे भरावयाचा नाही, ब्रेक तपासल्याखेरीज हाकावयाचा नाही. कोणी दगड उचलला नाही, कोणी शिवी दिली नाही.

त्याचा परिणाम आम्ही कचेरीतील वह्यांत पाहिला. धक्क्यावर माल उशिरा पोहोचे, बार्जी खोळंबत, आणि मुरगावला जहाज ठरल्या मुदतीपलीकडे थांबले की दर दिवसाचा दंड मालकाच्या खाती पडे. पात्रांव दुष्ट नव्हते. परंतु गाऱ्हाण्याची भाषा त्यांस कळली नव्हती, ती हिशेबाची कळली. बोलणी झाली व पाचही जण कामावर परतले. त्या वर्षी संघटनेच्या वहीत आमचेही नाव चढले.

रविवारची सुटी आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांस ती १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांस एकत्र आणून वर्षानुवर्षे नेटाने मागणी केली म्हणून. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. न्याय्य वेतन देणे हे मालकाचे कर्तव्य आणि हिंसेपासून दूर राहणे हे कामगाराचे कर्तव्य, असे दोहोंस बजाविले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेतले, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवूनच.

परंतु मालकही धडा शिकतो, हे विसरू नये. आमच्याकडे तडजोडीनंतर कायम जागा भरणे हळूहळू बंद झाले व ठेकेदाराचे ट्रक आले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. परतीची वाट आधी न आखल्यामुळे म्हणा वा मालकांच्या हट्टामुळे म्हणा, हजारोंची चूल विझली आणि कापडाचा धंदा भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळला. संप हे शेवटचे औषध आहे; रोजचे अन्न नव्हे.

आमच्या खाणींस पुढे निराळाच फटका बसला. २०१२ साली खाणकाम थांबले, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. अशा वेळी ठेक्यावरील कामकऱ्याचे नाव कोणत्या यादीत शोधावे?

आज पेडण्याची मुले मोपाच्या विमानतळावर व तुयेच्या कारखान्यांत जातात. त्यांतील पुष्कळ ठेक्यावरच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे कोणत्याही कारखान्यात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आईबापांनी मुलांस एवढे अवश्य सांगावे: नेमणुकीचा कागद मागून घ्या, कायदा समजून घ्या, एकट्याने भांडू नका. आणि कचेरीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांस आमची विनंती अशी, की कोणी यादी मागितली तर लेखणी उचलण्यापूर्वी आपल्या कुंपाराचा चेहरा आठवावा.