मुदत

चातुर्मास संपताच मुनिराज विहार करतात. गृहस्थाला मात्र घर बांधून ठेवते. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांचा मुक्काम बहुधा कराराएवढाच असतो. जपानच्या सरकारी ‘जेट’ योजनेत तो करार एकेका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंतचा.

लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये जपानमधील मात्सुए येथे इंग्रजीचे शिक्षक झाले आणि तेथेच त्यांनी संसार थाटला. पत्नी-मुलांचे हक्क अबाधित राहावेत म्हणून १८९६ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडून जपानी नागरिकत्व स्वीकारले. तेव्हा त्यांचे वास्तव्य कोबे येथे होते; आज त्याच शहरात जैन मंदिर उभे आहे.

१९०३ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातील नोकरी गेली, तरी हर्न परतले नाहीत. १९०४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. करार नोकरीचा होता. जबाबदारी घराची होती आणि तिला मुदत नव्हती.