दाखल वही आणि देवघेव वही

शाळेच्या ग्रंथालयात दोन मुख्य वह्या असतात. एक दाखल नोंदवही. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिथे क्रमांक मिळतो. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, बिलाची तारीख, सगळं तिथे लिहिलं जातं. दुसरी देवघेव वही. कुठलं पुस्तक कोणी नेलं आणि कधी परत आणलं, एवढंच तिच्यात असतं. तपासणीला आलेले साहेब पहिली वही मागतात. मी नोकरीभर जीव लावला तो दुसरीवर. आधी बारामतीच्या एका हायस्कूलमध्ये आणि पुढे संस्थेने बदली केल्यावर इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. मुलांना पुस्तकं देताना, नियम समजावताना आणि काही नियम बदलून घेताना जे पाहिलं, ते इथे मांडते आहे.

बारामतीची शाळा मोठी होती. पट हजाराच्या वर असल्याने तिथे पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद होतं. मी रुजू झाले तेव्हा पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली होती, म्हणजे ज्या क्रमाने विकत घेतली त्या क्रमाने. त्यामुळे कवितासंग्रहाला लागून रसायनशास्त्र आणि त्याला लागून शिवचरित्र. मोजदादीला ही रचना सोयीची, पण वाचणाऱ्या मुलाला तिचा काही उपयोग नाही. उन्हाळी सुट्टीत नववीच्या काही मुलामुलींना सोबत घेऊन मी सगळी कपाटं रिकामी केली आणि ड्युई दशांश पद्धतीने विषयवार मांडणी केली. मराठी साहित्य ८९१.४६, पक्षी ५९८, शेती ६३०. उसाच्या पुस्तकावर ६३३.६१ लिहिताना मुलं थांबली. घरी चार पिढ्या ऊस लावणाऱ्यांची ती मुलं. ही पद्धत वापरणाऱ्या जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात उसाचं पुस्तक याच आकड्याजवळ सापडेल, हे त्यांना फार आवडलं. त्यातल्या एकाने घरी जाऊन वडिलांना तो आकडा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक वडिलांसाठी मागायला आला. शाळेच्या ग्रंथालयातून पालकांनी पुस्तक न्यावं की नाही, याबद्दल नियम नव्हता. मी मुलाच्या नावावर नोंद करून दिलं.

मांडणी बदलली तशी मुलं कपाटांशी रेंगाळू लागली. मग नियम सांगायची वेळ आली. भिंतीवर नियमांचा फलक जुना होता: दप्तर बाहेर ठेवावे, शांतता पाळावी, पाने दुमडू नयेत, पुस्तक सात दिवसांत परत करावे, संदर्भग्रंथ घरी मिळणार नाहीत. मुलांना तो पाठ होता, पण कारण एकालाही ठाऊक नव्हतं. मी दर वर्षी पाचवीच्या पहिल्या ग्रंथालय तासाला पुस्तक न देता एकेक नियम घेऊन बसायची. सात दिवसच का? तुमचा ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदा येतो. तुम्ही सोमवारी नेलेलं पुस्तक पुढच्या सोमवारी आलं, तरच ते मंगळवारी ‘ब’ तुकडीच्या हातात जाईल. पान का दुमडायचं नाही? जुन्या पुस्तकांचा कागद काळाबरोबर ठिसूळ होतो. दुमडलेला कोपरा तुमच्या हातात टिकतो आणि तिसऱ्या मुलाच्या हातात तुटतो. आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का का असतो? मुखपृष्ठ आणि पहिली पानं फाटली तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून. त्या गुप्त पानाचा क्रमांक मी मुलांना सांगून टाकायची. त्यानंतर पुस्तक हातात आलं की ते पान उघडून शिक्का पाहायची त्यांना सवय लागली, आणि सापडलेली बेवारशी पुस्तकं तीच माझ्याकडे आणून देऊ लागली.

एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं. ग्रंथालयाचा नियम पुस्तक जपण्यासाठी केला आहे असं आपण म्हणतो, पण पुस्तक जपायचं कशासाठी? त्याच्या पुढच्या वाचकासाठी. जो मुलगा अजून शाळेत दाखलही झालेला नाही, त्याचाही या पुस्तकावर हक्क आहे आणि तो हक्क आज सांभाळायचं काम नियम करतो. जो नियम हे काम करतो तो कडक असला तरी मुलं पाळतात. जो करत नाही, तो बदलावा.

या मताला जुना आधार आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी मी प्रतिमेला हार घालून झाला की देवघेव वही उघडून मुलांपुढे ठेवायची. या वर्षी सगळ्यांत जास्त फिरलेलं पुस्तक कोणतं, हे त्यांनीच वहीतून शोधायचं. कधी ‘श्यामची आई’ निघे, कधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे.

संदर्भग्रंथ वापरायला शिकवणं हा माझा आवडता भाग. आठवीच्या मुलांना मोरोपंतांवर प्रकल्प होता. पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बारामतीत कसा आला, असा प्रश्न एका मुलीने विचारला. मी उत्तर दिलं नाही. मराठी विश्वकोश आणि पंडित महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश यांच्यापुढे तिला बसवलं. अकारविल्हे म्हणजे काय इथपासून सुरुवात झाली. मराठी कोशात ‘कौ’ संपल्यावर ‘क्य’, ‘क्र’ ही जोडाक्षरं येतात, हे पुष्कळ मुलांना दहावीपर्यंत माहीत नसतं. तिने दोन्हीकडची नोंद वाचली, बारामतीच्या बाबूजी नाईकांनी दिलेल्या आश्रयाची हकिकत शोधली, मोरोपंतांचा १७२९ ते १७९४ हा काळ टिपला. मग म्हणाली, “बाई, एकात आहे ते दुसऱ्यात नाही. दोन्ही वाचायला लागतात.” एवढं तिला आठवीत उमगलं, मला आनंद त्याचा झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता विश्वकोश महाजालावर मोफत वाचता येतो. तरीही मुलाला आधी जाडजूड खंड उघडू द्यावा असं मला वाटतं. हवी ती नोंद शोधताना शेजारच्या चार नोंदी डोळ्यांखालून जातात.

पुढे बदली झाली. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीत काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावं लागतात. तुकोबांची पालखीही याच वाटेने जाते. नव्या शाळेतल्या ग्रंथालयाची किल्ली बराच काळ एका विषय शिक्षकाकडे होती. पुस्तकं चांगली होती, कपाटं भक्कम होती, देवघेव वही मात्र जवळजवळ कोरी. त्या सरांना मी दोष देत नाही. पुस्तक हरवलं तर वसुली आपल्या पगारातून होईल, ही धास्ती ज्याच्याकडे किल्ली असते त्याला कायम असते. पटसंख्या कमी असलेल्या शाळांत ग्रंथपालाचं पदच मिळत नाही. तास, परीक्षा, निवडणुकीची कामं सांभाळून कोणी शिक्षक किल्ली घेतो आणि मग सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणून कुलूप घालतो.

या धास्तीवर उपाय कागदावरच शोधावा लागतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत म्हटलं आहे की वाचकांनी वर्षात हजार पुस्तकं नेली किंवा हाताळली, तर त्यांतली पाच गहाळ होणं वाजवी समजावं. मात्र त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी. आमच्या शाळेला तो नियम थेट लागू नव्हता. पण त्यामागचा विचार मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला: वापर होणार म्हणजे थोडी घट होणार, तिचं रीतसर निर्लेखन करता येतं. मुख्याध्यापकांनी तो शालेय समितीपुढे नेला आणि समितीने मानला. त्या दिवसापासून कपाटांची कुलपं शाळेच्या वेळेत उघडी राहिली.

दुसरा बदल दंडाचा. उशीर झाला की रोज ठराविक पैसे, असा नियम होता. शेतमजुरी करणाऱ्या घरातलं मूल दंड वाढला की ग्रंथालयाकडे फिरकायचंच बंद होई. पुस्तकही घरात अडकून पडे आणि मूलही. आम्ही पैशांऐवजी काम ठेवलं. उशिरा आणलं तर मधल्या सुट्टीत दोन पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं, नाहीतर सुटलेल्या पुस्तकाची पाठ खळीने चिकटवायला मदत करायची. अडकलेली पुस्तकं परत येऊ लागली. डागडुजी शिकलेली मुलं पुढे पुस्तक फार जपून हाताळतात, हेही दिसलं.

सगळेच नियम मी सैल केले नाहीत. भिगवणजवळच्या गावातला एक मुलगा मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकत होता. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांच्यात तो वाढलेला. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ त्याला सुट्टीत घरी न्यायचा होता. “बाई, पाण्यावर नेऊनच बघायला पाहिजे,” त्याचा हट्ट. संदर्भग्रंथ बाहेर जात नाहीत हा नियम मी मोडला नाही. शाळेत एकच प्रत होती आणि ती रोज कोणीतरी चाळत होतं. ती आठवडाभर एका घरी जाणं बाकीच्यांवर अन्याय होता. मी त्याला हे स्पष्ट सांगितलं आणि मधल्या सुट्टीत खिडकीजवळची जागा दिली. त्याने पक्ष्यांची वर्णनं वहीत उतरवून घेतली, प्रत्येकापुढे कोरी जागा सोडली आणि सुट्टीत त्या जागा स्वतःच्या निरीक्षणाने भरल्या. पुढच्या वर्षी त्याची वही बाकीच्या मुलांनी वाचायला नेली. तीही आम्ही देवघेव वहीत नोंदवली.

उजनीचंच आणखी एक. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावठाणं पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, ते मुलांनी पाहिलेलं असतं. बुडण्याआधीचा आपला तालुका कसा होता, हे शोधायला मी त्यांना पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटियरकडे नेलं. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर संगणकावर उपलब्ध केली आहेत. इंग्रजी जड होतं. शब्दकोश शेजारी ठेवून, चौघांनी मिळून इंदापूरची नोंद लावली. दुसऱ्या एका गटाला वासुदेव बळवंत फडक्यांच्या चरित्रात लक्ष्मण नरहर इंदापूरकर हे नाव सापडलं. फडके, वामन प्रभाकर भावे आणि इंदापूरकर यांनी १८६० साली पुण्यात सुरू केलेल्या कामातून पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, जिची शाळा बारामतीतही आहे. आपल्या तालुक्याचं नाव लावणारा माणूस शाळा काढणाऱ्यांत होता, हे वाचून मुलं हरखली.

सर्वांत अवघड प्रश्न उसाच्या हंगामात येई. दिवाळीच्या आसपास बीड-नगरकडच्या टोळ्या कारखान्यांवर येतात, उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि आई-बापाबरोबर आलेली काही मुलं आमच्या वर्गात बसतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असावीत. पण आमच्या ग्रंथालयाच्या कार्डासाठी पालकांची सही आणि कायमचा पत्ता लागे. पहाटे फडात गेलेला बाप सही कधी करणार, आणि कोपीचा पत्ता काय लिहिणार? मी वर्गशिक्षकांची सही पुरेशी धरावी अशी विनंती केली. मुख्याध्यापकांनी ती मान्य केली.

आठवीत बसलेल्या एका मुलीने त्या हंगामात सपाट्याने पुस्तकं वाचली. रात्री कोपीत धाकट्या भावाला वाचून दाखवायची. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा हातातली कादंबरी अर्धी राहिली होती. ती परत करायला आली. “बाई, उरलेली कुठं मिळंल?” मी कागदावर पुस्तकाचं, लेखकाचं, प्रकाशकाचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, तुझ्या गावी किंवा जवळच्या मोठ्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तिथे हा कागद दाखव. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात अ, ब, क, ड वर्गांची हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. पुढच्या दिवाळीला टोळी परत आली आणि ती ग्रंथालयात आली ती कादंबरीचा शेवट सांगतच. तालुक्याच्या वाचनालयात मिळाली होती.

त्या मुलीच्या नावावरचं प्रत्येक पुस्तक परत आलं. कायमचा पत्ता असलेल्या घरांतून आमची अधिक पुस्तकं अडकली होती. म्हणून मी म्हणते, नियम करताना आधी तो कुणाला दाराबाहेर ठेवतो ते पाहावं. रांग लावावी, तारीख पाळावी, पुस्तक स्वच्छ ठेवावं, हे सगळ्यांना जमतं. सही, पत्ता, अनामत, दंड हे सगळ्यांना जमत नाही.

पालकांना आणि शाळा समितीच्या सदस्यांना माझं एक सांगणं आहे. आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये जाल तेव्हा ग्रंथालयात किती हजार पुस्तकं आहेत हे विचारू नका. तो आकडा दाखल वहीत असतोच. देवघेव वही मागा. या महिन्यात किती नावं चढली, त्यांत मुली किती, वस्तीवरची मुलं किती, हंगामी मुलं किती, ते पाहा. पानं कोरी असतील तर किल्ली कुणाकडे आहे आणि त्याला कसली भीती वाटते, हे विचारा आणि ती भीती दूर करायला त्याच्या बाजूने उभे राहा.