तवंग कुणाच्या वाट्याचा?

वारंगा फाटा बाहेरच्या लोकांना माहीत असतो तो खिचडीमुळे. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी करत येणारा रस्ता आणि नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत येणारा रस्ता इथे एकत्र येतात आणि पुढे अर्धापूर-नांदेडकडे जातात. त्यामुळे दिवसरात्र ट्रक असतात आणि त्यांच्यात पेट्रोल-डिझेलचे टँकरही. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी गेले काही महिने मी समुद्रात तेल सांडलं की सरकार काय करतं, हे वाचत बसलोय.

याला कारणं दोन. पहिलं माझ्या नोकरीतलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दर काही आठवड्यांनी माझी ऑन-कॉल पाळी येते. रात्री तीनला सर्व्हर पडला तर फोन कुणाला जाणार आणि त्यानं पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं, हे आमच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. त्याला रनबुक म्हणतात.

दुसरं कारण आमच्या शेताकडेचा ओढा. मी शाळेत असताना डिझेलचा एक टँकर रस्ता सोडून खाली उतरला आणि आडवा झाला. लोक कॅन, घागरी, बादल्या घेऊन धावले. पोलिसांनी वाहतूक वळवली, क्रेन आली, पंचनामा झाला, रस्ता मोकळा झाला. ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं केलं. ओढ्यात गेलेलं डिझेल मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी काकू म्हणाली, "विहिरीच्या पाण्याला वास यायलाय." काकांनी मोटार लावून विहीर उपसली, पुन्हा भरू दिली, पुन्हा उपसली. रानात हळद उभी होती. तिला ते पाणी द्यावं की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. प्यायचं पाणी तो सगळा हंगाम दुसऱ्यांच्या विहिरीवरून आणलं.

समुद्राकडे बघितलं तर तिथे या "कुणाचं काम" प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून लागू आहे. समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलाची. बंदराच्या हद्दीत सांडलं तर बंदर बघणार, तेलविहिरीच्या फलाटाभोवती पाचशे मीटरपर्यंत ती कंपनी बघणार, आणि तेल किनाऱ्याला लागलं की सफाई त्या राज्याची. सातशे टनांपर्यंतची गळती पहिल्या पातळीची, म्हणजे स्थानिक यंत्रणेनं निभावायची. त्यापुढे दहा हजार टनांपर्यंत दुसरी आणि त्याहून मोठी तिसरी. सरावही होतात. फोन नंबर ठरलेला आहे, १५५४.

हा आराखडा असताना ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले, सुमारे आठशे टन तेल सांडलं. वाहत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद राहिली. अलिबाग-उरणकडच्या किनाऱ्यांना आणि खारफुटीला काळा थर लागला, लोकांनी मासे खाणं सोडलं. आराखड्यामुळे तेल सांडायचं थांबत नाही. पण त्या दिवशी कुणी निघायचं, यावर वाद घालायची गरज नव्हती. हेलिकॉप्टर आणि जहाजं कामाला लागली.

त्याच्या दोनच आठवडे आधी, २५ जुलै २०१० ला, अमेरिकेत मिशिगन राज्यात एनब्रिज कंपनीची तेलवाहिनी फुटली. ही गोष्ट वाचून मला घाम फुटला, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. नियंत्रण कक्षात अलार्म वाजत होते. ऑपरेटरांनी त्याचा अर्थ वेगळा लावला आणि पंप दोनदा पुन्हा सुरू केले. सतरा तासांहून जास्त वेळ असाच गेला. शेवटी बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यानं फोन करून तेल दिसतंय असं कळवलं. तोवर सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडलं होतं. ते आधी एका ओढ्यात गेलं आणि मग कॅलामाझू नदीत. स्क्रीनसमोर बसलेल्यांना जे कळलं नाही, ते ओढ्याजवळच्या माणसाला वासावरून कळलं.

आमच्या ओढ्यासाठी कागदावर काहीच नाही, असं नाही. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांत जिल्हा संकट गट आहे आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरण आहे. दोन्हीचे प्रमुख जिल्हाधिकारी. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली घातक पदार्थाच्या अपघातात नुकसान झालं तर पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण हिंगोली फाट्यापासून चाळीसेक किलोमीटर आहे. ओढ्याचं पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल, तर तवंग तासाभरात पावणेदोन किलोमीटर पुढे जातो. वीस हजार लिटरचा टँकर म्हणजे जेमतेम सतरा टन. समुद्राच्या हिशेबात हा आकडा किरकोळ आहे. ओढ्यासाठी मात्र ही तिसऱ्या पातळीची आपत्तीच, आणि तिचा पहिला तास फाट्यावरच्या माणसांच्या हातात असतो.

त्या तासात करण्यासारखं बरंच आहे. टँकरवर नारिंगी पाटी असते. तिच्यावर १२०३ असेल तर पेट्रोल, १२०२ असेल तर डिझेल. पेट्रोल असेल तर लांब पळायचं आणि लोकांना लांब ठेवायचं, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, सखल जागी साचते आणि एका ठिणगीनं पेटते. पाकिस्तानातल्या अहमदपूर शर्किया इथे जून २०१७ मध्ये उलटलेल्या टँकरचं इंधन भरून न्यायला जमलेली दोनशेहून जास्त माणसं जळून मेली. कॅन घेऊन धावणाऱ्यांना थांबवणं हे सगळ्यात पहिलं काम.

डिझेल असेल आणि पोलीस-अग्निशमनवाल्यांनी जवळ जायला हरकत नाही म्हटलं, तर जेसीबी लागतो. टँकरच्या खालच्या अंगाला ओढ्यात मातीचा बांध घालायचा आणि त्यात जाड पाईप तिरपा बसवायचा, वरच्या बाजूचं तोंड पाण्यात बुडालेलं आणि पलीकडचं उंच. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे खालचं पाणी पाईपातून निघून जातं आणि तवंग बांधाच्या अलीकडे अडतो. न पिंजलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, तो पाण्याऐवजी तेल ओढून घेतो. जेसीबी, पाईप, कापूस, तिन्ही आमच्या भागात मिळतात.

गेल्या महिन्यात हे सगळं एका पानावर मराठीत लिहून मी दादाला पाठवलं, ग्रामपंचायतीत दाखवायला. मधे जागा मोकळ्या ठेवल्या होत्या: ११२ ला फोन कोण करणार, जेसीबी कुणाचा, पाईप कुणाकडे, ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाकुणाच्या विहिरी आहेत आणि त्यांना मोटार बंद करा असं कोण सांगणार. विहिरींची यादी दादानं एका संध्याकाळी भरली, चौदा नावं निघाली. जेसीबीवाल्यानं नंबर दिला, पण डिझेलचे पैसे कोण देणार असं विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गावाला एकट्यानं देता येणार नाही. ते कलम भरायला आता तहसीलला जायचंय. दादा म्हणाला, हळद शिजवून झाली की जाऊ.